गर्दी गाळली, आरोळी उरली

दुरुस्तीपान

वृत्तपत्राच्या डेस्कवर २२ वर्षे काढून मी निवृत्त झालो. तिथे शिकलेली एक गोष्ट अजून बोचते, म्हणून हा धागा काढतो आहे. पुढाऱ्याला बदनाम करायचे तर खोटी बातमी रचावी लागते, असा सर्वसाधारण समज आहे. माझा अनुभव असा, की खरीच घडलेली एखादी फुटकळ गोष्ट त्याला पुरते. तिच्या आजूबाजूचे तेवढे छाटून टाकले की काम होते. छाटलेला भाग परत मागायला कुणी येत नाही, कारण तो मुळात होता हेच वाचकाला ठाऊक नसते.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण अमेरिकेतले आहे. १९ जानेवारी २००४ रोजी आयोवा राज्यात डेमोक्रॅटिक पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी पहिली लढत झाली. व्हरमाँटचे माजी गव्हर्नर हॉवर्ड डीन तोवर आघाडीवर मानले जात होते. प्रत्यक्षात ते जॉन केरी आणि जॉन एडवर्ड्स यांच्या मागे, तिसऱ्या क्रमांकावर राहिले. त्या रात्री वेस्ट डी मॉइन इथल्या एका नृत्यगृहात जमलेल्या सुमारे साडेतीन हजार कार्यकर्त्यांपुढे ते बोलायला उभे राहिले. घसा बसलेला, समोर बेभान कल्ला, आणि हिरमुसलेल्या पोरांना उभारी द्यायची म्हणून डीन पुढच्या राज्यांची नावे एकामागून एक घेत गेले : न्यू हॅम्पशायर, साउथ कॅरोलिना, ओक्लाहोमा, ॲरिझोना... शेवटी व्हाइट हाउस परत मिळवण्याची घोषणा करून त्यांनी एक चिरकी आरोळी ठोकली. सभागृहात हजर असलेल्या कित्येकांना ती वेगळी अशी ऐकूही आली नाही.

घराघरांत पोहोचले ते वेगळेच काहीतरी. वाहिन्यांना मिळालेला आवाज डीन यांच्या हातातल्या माइकचा होता, आणि त्या माइकने गर्दीचा कल्लोळ जवळपास गाळून टाकला होता. त्यामुळे शांत खोलीत लालबुंद चेहऱ्याचा एक माणूस कारण नसताना किंचाळतो आहे, असे ते दृश्य दिसू लागले. चार दिवसांत राष्ट्रीय आणि केबल वाहिन्यांवर ते ६३३ वेळा दाखवले गेले, अशी मोजदाद तेव्हा झाली होती. पुढे एबीसी वाहिनीने श्रोत्यांमधला आवाज जोडून तोच प्रसंग पुन्हा दाखवला, तेव्हा आरोळी गर्दीत बुडून जाते हे लोकांच्या लक्षात आले. पण तोवर विनोदी कार्यक्रमांनी तिचे वाट्टेल ते करून झाले होते.

दुसरे उदाहरण थोरल्या जॉर्ज बुश यांचे, आणि माझ्यासारख्याला ते जास्त लागते, कारण तिथे कात्री पत्रकाराच्या हातात होती. फेब्रुवारी १९९२ मध्ये फ्लोरिडातल्या ऑर्लँडो इथे किराणा व्यापाऱ्यांच्या अधिवेशनात राष्ट्राध्यक्ष बुश यांना बिलाच्या काउंटरवरचे एक नवे स्कॅनर दाखवण्यात आले. फाटलेला, तुकडे झालेला बारकोडही ते वाचू शकत होते, आणि नवल होते ते याचे. पत्रकारांच्या वतीने आत गेलेल्या बातमीदाराने इतरांसाठी दोन परिच्छेदांचे टिपण लिहिले आणि त्यात बुश यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसल्याचा उल्लेख केला. न्यूयॉर्क टाइम्सच्या ज्या प्रतिनिधीने ती बातमी पहिल्या पानासाठी रंगवली, तो त्या जागी नव्हताच. बातमीचा सूर असा, की सामान्य माणसाचा किराणा कसा खरेदी होतो हे राष्ट्राध्यक्षांना ठाऊक नाही. दुकानात बारकोड वाचून विकलेली पहिली वस्तू म्हणजे जून १९७४ मध्ये ओहायोतल्या ट्रॉय गावी विकलेले च्युइंगमचे पाकीट. म्हणजे १८ वर्षांनीही या गृहस्थाला ते नवे वाटते, असा त्याचा अर्थ लागला. यंत्र दाखवणाऱ्या माणसाने नंतर सांगितले, की बुश यांना किराणा दुकानाची माहिती नाही हे म्हणणेच खुळेपणाचे आहे. पण ते मंदीचे आणि निवडणुकीचे वर्ष होते. ही कथा बुश यांच्या मृत्यूनंतरही, २०१८ मध्ये, पुन्हा सांगितली जात होती.

या दोन्ही गोष्टी चिकटल्या, कारण त्यांच्यासाठी चौकट आधीच तयार होती. डीन तापट आहेत अशी कुजबुज आयोवाच्या आधीपासून होती, आणि बुश लोकांपासून तुटलेले आहेत असे अग्रलेख आधीच लिहून झाले होते. चौकट तयार असली की त्यात बसणारे चित्र कुठूनही उचलता येते. हेच प्रसंग दुसऱ्या कुणाच्या बाबतीत घडले असते, तर टेपमध्ये आणि टिपणातच राहिले असते.

मी स्वतः हे केले आहे, म्हणून सांगतो. जिल्हा आवृत्तीचे पान लावताना रात्री साडेअकरा वाजता माझ्यासमोर एका आमदारांच्या कार्यक्रमाची छायाचित्रे होती, चाळीसेक असावीत. त्यांतल्या एकात त्यांचे डोळे मिटलेले आणि मान किंचित कलती होती. आधीच्या चित्रात ते शेजारच्याचे बोलणे वाकून ऐकत होते, पुढच्यात हसत होते. म्हणजे डोळे मिटले होते ते पापणी लवण्यापुरते. गृहस्थ निष्क्रिय म्हणून प्रसिद्ध होते. मी ते चित्र निवडले आणि फोटोओळ दिली : ‘पाणीटंचाईच्या बैठकीत डुलकी’. दुसऱ्या दिवशी चौकात त्याचे फलक लागले. त्या बैठकीत टँकरच्या फेऱ्यांचा जो हिशेब मांडला गेला होता, तो आतल्या पानावर चार ओळींत गेला.

आपल्याकडची उदाहरणे जरूर द्यावीत, पण सोबत छाटलेला भागही द्यावा, एवढी विनंती.

ध्वनिक्षेपक

माझा सभा-समारंभांना ध्वनिव्यवस्था पुरवण्याचा धंदा आहे, म्हणून डीन यांच्या माइकबद्दल दोन शब्द. वक्त्याच्या हातात देतात तो माइक मुद्दामच तोंडाजवळचे तेवढे घेणारा आणि मागचे, बाजूचे टाळणारा असतो. तसा नसेल तर समोरच्या स्पीकरचा आवाज त्यात परत शिरतो आणि शिट्टी वाजते. म्हणजे गर्दी गाळणे हे त्याचे कामच आहे, आणि सभेच्या जागी त्याने काही बिघडत नाही, कारण गर्दी तिथे प्रत्यक्ष हजर असते. अडचण होते ती वाहिन्यांची पोरे मिक्सरमधून थेट वायर घेतात तेव्हा. मंडपात माणूस जे ऐकतो ते आणि त्या वायरीतून जे जाते ते, या दोन वेगळ्या सभा असतात.

याला आणखी एक जोड आहे. गोंगाट वाढला की वक्त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येईनासा होतो आणि तो आपोआप चढ्या पट्टीत जातो. स्टेजवर त्याच्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर कमी पडला तर हमखास. आमच्या तालुक्यातल्या एका प्रचारसभेत मंडपामागून हलगी आणि ताशा घेऊन दुसरी मिरवणूक चालली होती. उमेदवार अक्षरशः बेंबीच्या देठापासून ओरडत होते, कारण तिसऱ्या रांगेलाही ते ऐकू जात नव्हते. संध्याकाळी मोबाइलवर जी चित्रफीत फिरली, तिच्यात हलगी नाही, ताशा नाही, फक्त किंचाळणारा उमेदवार, आणि खाली लिहिलेले : ‘पराभव दिसू लागला’. फीत माझ्याच मिक्सरवरून गेलेली होती. त्यात कुणी एक सेकंदही कापला नव्हता, हे मुद्दाम सांगतो.

कांदाचाळ

मी निफाड तालुक्यातला कांदा उत्पादक. डिसेंबर २०१९ चे उदाहरण देतो, कारण त्याची झळ आम्हाला दुहेरी बसली.

किरकोळ बाजारात कांदा किलोला १०० रुपयांच्या वर गेला होता. ४ डिसेंबरला लोकसभेत सुप्रिया सुळे यांनी कांद्याचे उत्पादन का घटले आणि लहान कांदा उत्पादकाला संरक्षण कसे मिळणार, असा मुद्दा काढला. अर्थमंत्री निर्मला सीतारामन उत्तर देत असताना मध्येच एका सदस्याने विचारले, की तुम्ही स्वतः कांदा खाता का. त्यावर त्या म्हणाल्या, की मी कांदा-लसूण फारसा खात नाही, ज्या घरातून आले तिथे कांद्याशी फारसा संबंध नव्हता. सभागृहात हशा पिकला आणि त्या पुढे साठवणूक, आयात वगैरे उपायांकडे वळल्या.

संध्याकाळी दाखवले गेले ते एवढेच, की कांदा महागला असे सांगितल्यावर अर्थमंत्री म्हणतात मी कांदा खात नाही. मधला टोमणा गळाला आणि पुढचे उत्तरही गळाले. मी काही त्यांच्या पक्षाचा माणूस नाही. उलट त्या सरकारवर माझा राग होता आणि तो अजून गेलेला नाही. पण माझा राग त्यांच्या जेवणावर नव्हता. २९ सप्टेंबर २०१९ ला सरकारने कांद्याची निर्यात बंद केली होती आणि व्यापाऱ्यांच्या साठ्यावर मर्यादा घातली होती. त्यातच अवकाळी पावसाने उभे पीक सडलेले. भाव वाढले, पण कुणाच्या चाळीत तेव्हा विकायला कांदा होता? इजिप्त आणि तुर्कस्तानातून आणलेला कांदा कधी उतरेल आणि आमचा नवा माल लासलगावच्या बाजारात आल्यावर निर्यात उघडेल की नाही, हे प्रश्न अर्थमंत्र्यांना तोंडावर विचारायला हवे होते. त्याऐवजी दोन दिवस वाहिन्यांवर त्यांच्या आहाराची चर्चा झाली. निर्यात पुन्हा सुरू झाली ती १५ मार्च २०२० पासून, आणि तोवर भाव कोसळलेले होते.

एक निरीक्षण जाता जाता. त्या चर्चेत बसलेल्या एकाही तज्ज्ञाला खरीप कांदा टिकत नाही आणि चाळीत ठेवतात तो उन्हाळ कांदा असतो, एवढे माहीत असल्याचे दिसले नाही.

शंकासूर

धागाकर्त्यांचा प्रामाणिकपणा मान्य करूनही मला या मांडणीत धोका दिसतो. ‘माझ्या वक्तव्याचा विपर्यास केला’ हे वाक्य आपल्याकडच्या पुढाऱ्यांनी इतके घासून गुळगुळीत केले आहे, की आपण त्यांना आणखी एक ढाल देतो आहोत असे वाटते. एप्रिल २०१३ आठवा. राज्य दुष्काळात होरपळत होते, उजनीचे पाणी सोडावे म्हणून सोलापूर जिल्ह्यातला एक शेतकरी आझाद मैदानावर उपोषणाला बसला होता, आणि तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी इंदापूर तालुक्यातल्या सभेत धरणात पाणी नसेल तर काय करायचे यावर ‘त्यात लघवी करायची का’ अशा अर्थाचे जे उद्गार काढले ते सर्वांना पाठ आहेत. तेही एका ग्रामीण सभेतले, हशा मिळवण्यासाठी काढलेले, काही सेकंदांचे वाक्य होते. त्याला किरकोळ प्रसंग म्हणायचे का?

दुसरे, डीन यांच्या आरोळीने त्यांचे राजकारण संपले ही दंतकथा आहे. आरोळी निकालानंतरची आहे. हरले ते आधीच. आठवड्याभरात न्यू हॅम्पशायरमध्ये ते दुसरे आले, फेब्रुवारीत त्यांनी माघार घेतली, आणि २००५ मध्ये त्याच पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष झाले. वाहिन्यांची ताकद आपण जरा जास्तच मोजतो.

दुरुस्तीपान

शंकासूर यांचा दुसरा मुद्दा मला सपशेल मान्य आहे, आणि मी तो पहिल्याच लिखाणात घ्यायला हवा होता. आयोवातल्या पराभवाची कारणे शोधायला प्रचाराची आखणी, खर्च, एकमेकांवर चिखलफेक असे पुष्कळ होते. आरोळी मिळाल्यामुळे ती कारणे शोधण्याची गरजच उरली नाही. कांदाचाळ यांनी सांगितले त्याचाच हा प्रकार.

पहिल्या मुद्द्यावर मात्र मतभेद आहे. डेस्कवर असताना मला एका ज्येष्ठांनी सांगितलेली कसोटी अशी : वगळलेले सगळे परत जोडा आणि मग अर्थ बदलतो का ते पाहा. डीन यांच्या आरोळीला गर्दी जोडली की ती एक साधी घोषणा होते. सीतारामन यांच्या उत्तराला टोमणा जोडला की तो त्या टोमण्याला दिलेला जबाब होतो. फार शहाणपणाचा नसेल, पण बेपर्वाई म्हणता येणार नाही. इंदापूरच्या वाक्याला संपूर्ण सभा, उपोषण, उजनी, दुष्काळ असे सगळे जोडून पाहा; अर्थ बदलत तर नाहीच, उलट अधिक झोंबतो, कारण ते वाक्य पाण्यासाठी उपाशी बसलेल्या माणसाला उद्देशून होते. पवार यांनी स्वतःच माफी मागितली आणि कराडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी दिवसभर बसून आत्मक्लेश केला. तिथे पत्रकारांनी आपले काम केले होते.

आणि कात्री आता केवळ माध्यमांकडे राहिलेली नाही. २०१७ च्या गुजरात निवडणुकीत राहुल गांधी यांनी पाटणच्या सभेत बटाटा घालून सोने काढणाऱ्या यंत्राची गोष्ट सांगितली, ती पंतप्रधानांच्या आश्वासनांची खिल्ली म्हणून. हे शब्द माझे नव्हेत, असेही ते तिथेच म्हणाले होते. आधीचे आणि नंतरचे वाक्य उडवून राहिलेला तुकडा विरोधकांनी फिरवला आणि तो आजही कौटुंबिक गटांवर येतो. तुकडा कापायला डेस्क लागला नाही. तो वर्षानुवर्षे पुढे ढकलायला आपण सगळे लागलो.

टेम्सकाठ

लंडनहून थोडी भर. मे २०१४ मध्ये इथले विरोधी पक्षनेते एड मिलिबँड भल्या सकाळी फुलबाजारात बेकन सँडविच खाताना टिपले गेले, तोंड वेडेवाकडे झालेल्या क्षणी. वर्षभराने, मतदानाच्या आदल्या दिवशी, द सन या वृत्तपत्राने तेच चित्र पहिल्या पानभर छापले. सँडविच खाताना कुणाचा चेहरा देखणा दिसतो? त्यांचे घराणे ज्यू असल्यामुळे डुकराच्या मांसाची ती खोच अनेकांना साधी वाटली नाही. पण शंकासूर यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी : सामान्य माणसासारखा न्याहारी करणारा नेता हे चित्र मिलिबँड यांच्याच लोकांना हवे होते, म्हणून तर तिथे छायाचित्रकार होते. सजवलेले चित्र विकायला निघालेल्याला बिघडलेले चित्रही पदरात घ्यावे लागते.

मांजराकाठ

आमच्या लातूर जिल्ह्याला या विषयाचा चांगलाच सराव आहे. एप्रिल २०१६ मध्ये रेल्वेने पाणी येत होते तेव्हा पंकजा मुंडे यांनी मांजरा नदीच्या खोलीकरणाच्या कामावर काढलेला सेल्फी गाजला. नदी किती मीटर खोल केली आणि त्यात पाणी किती थांबेल, हे कुणी विचारले नाही. मला लिहायचे आहे ते मात्र शिवराज पाटील चाकूरकर यांच्याबद्दल.

१३ सप्टेंबर २००८ रोजी दिल्लीत साखळी स्फोट झाले आणि गृहमंत्री पाटील त्या एका संध्याकाळी निरनिराळ्या पोशाखांत कॅमेऱ्यापुढे दिसले. कपडे बदलले हे खरेच. टीका टापटिपीवर झाली आणि ती देशभर पसरली. गावाकडे आम्हाला त्यात नवल वाटले नाही, कारण इथे प्रत्येकाने त्यांना कडक इस्त्रीतच पाहिले होते. पण पाटील यांच्या बाजूने बोलण्यासाठी मी हे लिहीत नाही. गृहमंत्री म्हणून त्यांची कामगिरी ढिली होती असेच माझे मत आहे, आणि नेमके त्यामुळेच मला कपड्यांचा राग येतो. त्या स्फोटांनंतर २६ नोव्हेंबरच्या मुंबईवरील हल्ल्यापर्यंत ७४ दिवस होते. एनएसजीचे, म्हणजे दहशतवादी हल्ल्यांशी लढणाऱ्या केंद्राच्या दलाचे, कमांडो सगळे दिल्लीजवळच्या मानेसरलाच का ठेवले आहेत, दुसऱ्या महानगरात हल्ला झाला तर त्यांना पोहोचायला किती तास लागतील, हा प्रश्न त्या ७४ दिवसांत एकदाही प्राइम टाइमला ऐकल्याचे मला आठवत नाही. सफारीचा रंग मात्र अजून आठवतो. मुंबईत कमांडो दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचले. पाटील यांनी ३० नोव्हेंबरला राजीनामा दिला, आणि मुंबईसह चार शहरांत एनएसजीची केंद्रे उघडली ती २००९ मध्ये.

शंकासूर

मांजराकाठ यांचा प्रतिसाद वाचून मला माझे म्हणणे थोडे बदलावे लागते. मी समजत होतो की क्षुल्लक गोष्टींवरून होणारी टीका पुढाऱ्याला छळते. पाटील यांच्या बाबतीत तिने त्यांना वाचवले असे दिसते, निदान ७४ दिवस तरी. कपड्यांबद्दल उत्तर देणे सोपे असते. दुरुस्तीपान यांना एक विचारतो : त्या आमदारांचे पुढे काय झाले?

दुरुस्तीपान

निवडून आले. डुलकीच्या फलकांमुळे सहानुभूती मिळाली, असे त्यांचेच कार्यकर्ते सांगत. टँकरच्या हिशेबात एकाच क्रमांकाच्या गाडीने एका दिवसात दोन टोकांच्या गावांना फेऱ्या केल्याचे दिसत होते. आमच्या बातमीदाराने ते लिहून दिले होते आणि जागेअभावी तो परिच्छेद मीच उडवला. जागा छायाचित्राने घेतली होती, तीन स्तंभ.

ध्वनिक्षेपक

त्या प्रचारसभेनंतर मी एक बदल केला आहे. मंडपाच्या मधल्या खांबाला एक माइक श्रोत्यांकडे तोंड करून बांधतो आणि वाहिन्यांना जी वायर देतो तिच्यात त्याचा आवाज थोडा मिसळतो, म्हणजे हलगी असेल तर हलगीही जाईल. गेल्या हंगामात पहिल्याच सभेला एका स्थानिक वाहिनीचा मुलगा कानाला हेडफोन लावून माझ्याकडे आला आणि म्हणाला, “काका, तेवढा गर्दीचा आवाज बंद करा ना, बाइट साफ येत नाहीये.”